हौसेचे चिलखत

‘चिलखत’ म्हटले की आपणां मराठी माणसांच्या डोळ्यांपुढे प्रथम उभी राहते ती १० नोव्हेंबर १६५९ ची, प्रतापगडच्या पायथ्याची भेट. अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली पोलादी टोप, एवढे आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. पण ते चिलखत अंगावर असताना हात किती वर जातो, ते किती वेळ सोसवते, ते कोणी व कसे घडविले असेल, असले प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. आज ज्या मंडळींविषयी आम्ही बोलणार आहोत ती नेमके हेच प्रश्न विचारणारी आहेत. फरक इतकाच की त्यांचा विषय युरोपच्या मध्ययुगातील चिलखत हा आहे, आणि केवळ विचारून त्यांचे समाधान होत नाही. ती स्वतः हातोडा उचलतात, किंवा पदरचे पैसे मोजून चिलखत करवून घेतात, आणि रविवारच्या दिवशी ते अंगावर चढवून मैदानात उतरतात.

आम्हांला हा नाद जडला तो नोकरीनिमित्त इंग्लंडात काही वर्षे काढावी लागली तेव्हा. एका जत्रेत आम्ही एक पोलादी शिलेदार बाकावर बसून चहा पिताना पाहिला. जवळ जाऊन चौकशी केली तर तो गृहस्थ आठवडाभर दंतवैद्यकी करणारा निघाला. त्याने आम्हांला आपला एक हातमोजा घालून पाहू दिला. पोलादाच्या लहान लहान पट्ट्या एकमेकींवरून खवल्यांसारख्या सरकत होत्या, आणि मूठ वळली तरी कोठे अडत नव्हते. त्या दिवसापासून आमचे रविवार गेले ते गेलेच.

हा षोक वाटतो तितका नवा नव्हे. १८३९ च्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडातील एग्लिंटन येथे तिथल्या तरुण अर्लने मध्ययुगीन पद्धतीचा भालेझुंजीचा मोठा उत्सव भरविला. आदल्या वर्षी व्हिक्टोरिया राणीचा राज्याभिषेक झाला, त्यात काटकसर म्हणून जुने सरंजामी विधी गाळले होते. त्याची ही एका अर्थी भरपाई होती. आरंभी दीडशेच्या आसपास उमरावांनी उत्साह दाखविला. पुढे चिलखताचा खर्च आणि घोड्यावर बसून भाला पेलण्याचे कष्ट कळले, तेव्हा शेवटी मैदानात उरले ते डझनभरच. त्यांना चिलखते पुरविली लंडनच्या सॅम्युअल प्रॅट नावाच्या व्यापाऱ्याने. लाखभर लोक पाहावयास लोटले आणि पहिल्याच दिवशी असा धो धो पाऊस कोसळला की पोलादी वेषातल्या वीरांवर छत्र्या धरण्याची पाळी आली. इंग्रजी वर्तमानपत्रांनी यथेच्छ टवाळी केली. प्रॅटने विकलेल्या काही ‘प्राचीन’ वस्तू पुढे चक्क बनावट ठरल्या, ही गोष्ट ग्राहकाने आजही विसरू नये.

तेव्हापासून आजपर्यंत पुष्कळ पाणी वाहून गेले आहे. १९६६ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे काही विद्यार्थी व लेखक मंडळींनी परसात एक मध्ययुगीन मेजवानी व झुंज केली, आणि तिच्यातून ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह ॲनॅक्रोनिझम’ ही संस्था निघाली. तिचे सभासद वेताच्या तलवारींनी लढतात, पण अंगावर व डोक्यावर खरे कवच असावे लागते. युरोपात दुसरी शाखा फुटली. तिथे बोथट केलेल्या, पण पोलादीच तलवारी व परशू घेऊन पाच-पाच, दहा-दहा जणांचे संघ एकमेकांवर तुटून पडतात. २०१० साली युक्रेनमधील खोटीनच्या किल्ल्यात अशा सामन्यांचा पहिला आंतरराष्ट्रीय मेळा भरला. तिसरा वर्ग आमच्या त्या दंतवैद्यासारख्यांचा. त्यांना फारशी झुंज नको असते. एखाद्या विशिष्ट सालचा, विशिष्ट प्रांताचा शिपाई जसा दिसे तसेच आपण हुबेहूब दिसावे, एवढीच त्यांची ईर्षा असते.

हे तीन वर्ग आम्ही सांगितले ते उगीच नव्हे. चिलखत करावयाचे वा घ्यावयाचे ठरविलेल्या माणसाने पहिला प्रश्न स्वतःला विचारावयाचा तो हाच की मला हे कशासाठी पाहिजे? दिवाणखान्यात उभे करून ठेवण्याचे चिलखत, जत्रेत मिरविण्याचे चिलखत आणि पोलादी परशूचा घाव झेलण्याचे चिलखत या तीन निरनिराळ्या वस्तू आहेत. त्या दिसावयास सारख्या असतात. घात होतो तो तिथेच. शोभेच्या शिरस्त्राणाचा पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ असू शकतो, त्याचे सांधे डागाने चिकटविलेले असतात, आत पट्टा नसतो. ते भिंतीवर उत्तम दिसते. तेच डोक्यात घालून कोणी झुंजीस उभा राहिला तर पहिल्या तडाख्यात पत्रा आत बसेल, आणि आतला पत्रा डोक्याला लागेल. अमेरिकेतील त्या संस्थेने शिरस्त्राणाच्या पत्र्याची किमान जाडी सोळा गेज, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर, ठरवून दिली आहे. तोंडावरच्या जाळीतून एक इंच जाडीची काठी आत जाता कामा नये असाही दंडक आहे. हे नियम ठेचा खाऊन शिकलेल्या माणसांनी केलेले आहेत.

येथे गेजविषयी एक शब्द सांगून टाकतो, कारण नवशिका हमखास इथे फसतो. गेजचा आकडा जितका मोठा, तितका पत्रा पातळ. अठरा गेज म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर, सोळा म्हणजे १.६, चौदा म्हणजे दोनच्या आसपास. ‘अठरा गेज’ ऐकून जाड माल मिळाला म्हणून खुशीत घरी जाणारे लोक आम्ही पाहिले आहेत.

आता वजनाची गोष्ट. पोलादी चिलखत घातलेला सरदार पडला की कासवासारखा उताणा राहतो, त्याला घोड्यावर चढवावयास कप्पी लागते, अशी एक समजूत सर्वत्र आहे. ती पसरविण्यास १९४४ च्या ‘हेन्री द फिफ्थ’ या चित्रपटातील कप्पीच्या दृश्याचाही हातभार लागला. वस्तुस्थिती निराळी आहे. पंधराव्या शतकातील रणांगणावरचे संपूर्ण चिलखत सुमारे वीस ते पंचवीस किलो भरते. आजच्या पायदळाच्या शिपायाच्या पाठीवर याहून कमी ओझे नसते. शिवाय चिलखताचे ओझे एका खांद्यावर लोंबत नाही. ते अंगभर वाटलेले असते. फ्रान्सचा प्रसिद्ध सेनानी बूसिको (१३६६–१४२१) शिरस्त्राणाखेरीज बाकीचे सर्व चिलखत घालून कोलांटी मारीत असे आणि टेकलेल्या शिडीच्या खालच्या अंगाने नुसत्या हातांनी वर चढत असे, असे त्याचा चरित्रकार लिहितो.

परंतु दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. २०११ साली लीड्स विद्यापीठातील संशोधकांनी सरावलेल्या माणसांना चिलखते घालून फिरत्या पट्ट्यावर चालविले, पळविले आणि त्यांचा श्वास मोजला. चालताना दुपटीहून अधिक शक्ती खर्च होते असे दिसून आले. पाठीवर तितकेच ओझे घेतले तर इतका खर्च होत नाही. कारण सोपे आहे. पायांवरचे पोलाद प्रत्येक पावलागणिक उचलून पुढे टाकावे लागते, आणि छातीवरच्या कवचामुळे खोल श्वास घेता येत नाही. आम्ही स्वतः पहिल्यांदा पायांची कवचे घालून एक टेकडी चढलो तेव्हा हा शोध आम्हांला विद्यापीठाच्या मदतीवाचून लागला होता!

हौशी माणसाचे चिलखत मूळच्यापेक्षा पुष्कळदा जड होते, याचेही एक कारण सांगण्यासारखे आहे. आजचा कारखान्यातला पत्रा सर्वत्र एकसारख्या जाडीचा असतो. जुन्या लोहाराच्या हाती तसा पत्रा नव्हता. तो लोखंडाच्या गोळ्यापासून पत्रा स्वतः ठोकीत असे किंवा पाणचक्कीच्या घणाखाली ठोकवून घेई. म्हणून त्याला जेथे घाव बसण्याचा संभव अधिक, तेथे पोलाद जाड ठेवता येई आणि बाजूला पातळ करता येई. जुन्या उरस्त्राणाची जाडी मोजली तर छातीच्या मध्यावर दोन-अडीच मिलिमीटर आणि काखेजवळ एकाच्या आसपास, असा फरक आढळतो. एक चौरस मीटर पत्रा दीड मिलिमीटर जाडीचा घेतला तर जवळजवळ बारा किलो भरतो, हा हिशेब लक्षात ठेवला म्हणजे सर्वांगाला एकच जाडी वापरणाऱ्याची दमछाक का होते ते ध्यानात येईल.

साखळीचे चिलखत हा याहून जुना प्रकार. लोखंडाच्या तारेच्या कड्या, प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत ओवलेली. हे काम सोपे दिसते म्हणून नवशिके बहुधा येथूनच आरंभ करतात. तारेची गुंडाळी करावी, कापावी, दोन पकडी घ्याव्यात आणि ओवीत सुटावे. गुडघ्यापर्यंतच्या अंगरख्याला पंचवीस हजारांच्या आसपास कड्या लागतात. नुसती टोके जुळवून कडी मिटवावयास अर्धे मिनिट धरले तरी दोनशे तासांहून अधिक झाले. पण अशी टोके जुळवलेली कडी टोकदार शस्त्राने सहज उघडते. म्हणून मध्ययुगातील कारागीर कडीची टोके चपटी करून एकावर एक आणीत, त्यांना भोक पाडीत आणि त्यात बारीक रिबीट ठोकून ती कायमची बंद करीत. अशी एक कडी करावयास आम्हांला दोन मिनिटे लागतात. पंचवीस हजार कड्या, दोन मिनिटे, आणि रोज जेवणानंतर दोन तास. वर्ष उलटून जाते, आणि घरातील मंडळी काय बोलतात ते वेगळेच.

आमचे पहिले साखळीचिलखत आम्ही केले नाही, विकत घेतले, आणि त्यात फसलो. एका जत्रेतील दुकानदाराने ते काळजीपूर्वक घडी करून आमच्या हाती ठेवले. किंमत माफक होती. रिबीट आहे की नाही हे आम्ही विचारले नाही, आणि त्याने सांगितले नाही. पुढच्या महिन्यात सरावाच्या झुंजीत बोथट तलवारीचा एक ओझरता फटका खांद्यावर बसला आणि वितभर चिलखत पायांशी कड्यांच्या रूपाने सांडले. गवतातून कड्या वेचताना आमच्या प्रतिस्पर्ध्याने फार मदत केली, एवढे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. तेव्हापासून आमचा नियम आहे. चिलखत हातात घ्यावे, एक कडी बोटांत धरून उजेडाकडे न्यावी, आणि रिबिटाचा दाणा डोळ्यांनी पाहावा. टपालाने मागवावयाचे असेल तर तसे लेखी विचारावे.

येथे आपल्या देशाचा संबंध येतो, आणि तो किरकोळ नाही. आज जगभरच्या हौशी लोकांच्या अंगावर जी रिबिटाची साखळीचिलखते दिसतात ती फार मोठ्या प्रमाणात भारतात विणली जातात. देहरादूनला १९४३ साली स्थापन झालेला विंडलास स्टीलक्राफ्ट्स हा कारखाना तलवारी, शिरस्त्राणे व चिलखते परदेशी पाठवितो, आणि उत्तर भारतात असे माल करणारे इतरही पुष्कळ आहेत. इंग्लंडातील त्या मंडळींत बसले असताना ‘भारतीय माल’ हा शब्द कधी कधी ज्या सुरात उच्चारला जाई तो ऐकून आम्हांला अवघडल्यासारखे होई. पण विचार केला तेव्हा वाटले की दोष हाताचा नव्हे. ज्या हातांनी पंचवीस हजार कड्यांना रिबीट मारून तो अंगरखा विणला, त्या हातांना युरोपातील एखाद्या व्यापाऱ्याने एक छायाचित्र आणि एक भाव पाठविलेला असतो. मूळ शिरस्त्राण त्यांनी कधी पाहिलेले नसते, आणि ते घालणाऱ्या माणसाचे डोके कोणत्या बाजूने फुटू शकते हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. जेथे नीट मोजमाप, जाडी आणि नमुना पाठविला गेला, तेथून आलेली कामे आम्ही पाहिली आहेत; ती कोठेही मान खाली घालावयास लावणारी नाहीत. शोभेच्या भावात झुंजीचे चिलखत मागणाऱ्याने तक्रार कोणाकडे करावयाची?

असो. स्वतः करावयाचे तर आरंभ कशाने करावा? आमचे उत्तर ठरलेले आहे: विस्बीच्या धर्तीच्या पाटीजाकिटाने. विस्बी हे बाल्टिक समुद्रातील गोटलंड बेटावरचे तटबंदीचे व्यापारी शहर. २७ जुलै १३६१ रोजी डेन्मार्कचा राजा चौथा वाल्डेमार याच्या कसलेल्या सैन्याने बेटावरील शेतकऱ्यांना या शहराच्या तटासमोर कापून काढले. शहरच्या व्यापाऱ्यांनी वेशी बंद ठेवल्या आणि नंतर शरणागती पत्करली. दिवस उन्हाळ्याचे, प्रेते फुगू लागली. म्हणून एरवी जे कधी घडत नाही ते घडले. मेलेल्यांच्या अंगावरची चिलखते न काढताच त्यांना मोठ्या खड्ड्यांत लोटले गेले. विसाव्या शतकात, १९०५ पासून टप्प्याटप्प्याने, ते खड्डे उकरण्यात आले. अकराशेहून अधिक माणसांचे अवशेष निघाले. त्यांत पोरसवदा मुले होती, म्हातारे होते, अपंग होते. पुष्कळांच्या नडगीच्या हाडांवर शस्त्राच्या खोल खुणा होत्या, कारण तेथे कवच नव्हते. आणि पंचविसाच्या आसपास पाटीजाकिटे निघाली.

या जाकिटाची रचना अशी. बाहेरून कापड किंवा कातडे, आणि त्याच्या आतल्या अंगाला लोखंडाच्या पाट्या रिबिटांनी बसविलेल्या. बाहेरून पाहणाऱ्याला नुसती रिबिटांची डोकी दिसतात. मातीत कापड कुजून गेले. पाट्या व रिबिटे मात्र जागच्या जागी राहिली. स्वीडिश संशोधक बेंग्ट थॉर्डमान याने त्या प्रत्येक पाटीची जागा, आकार व भोके टिपून १९३९ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो आज हौशी चिलखतकारांचा जणू पंचांग आहे. त्यावरून कागदावर आकार उतरवावेत, पुठ्ठ्याचे कापून अंगावर बसवून पाहावेत, मगच पत्र्याला हात घालावा. पाट्या जवळजवळ सपाट असतात, त्यांना थोडासा बाक दिला की पुरे. कातर, कानस, भोक पाडण्याचे यंत्र, हातोडी आणि एखादा रुळाचा तुकडा ऐरणीदाखल, एवढ्या सामग्रीवर एका पावसाळ्यात हे जाकीट तयार होऊ शकते. ते झुंजीत कामाचे असते, चूक झाली तर एकच पाटी बदलता येते, आणि कोणीही मध्ययुगाचा जाणकार त्याकडे पाहून नाक मुरडू शकत नाही, कारण मूळ पुरावा जमिनीतून निघालेला आहे. आम्ही आमचे जाकीट पुरे केले त्या रात्री ते अंगावर चढवून आरशात पाहिले. आपण मोठे वीर दिसू अशी अपेक्षा होती. मनात आले ते मात्र त्या बंद वेशींसमोरच्या माणसांविषयी. त्यांच्याही अंगावर बहुधा कोणाचे तरी जुने, मापाला न बसणारे जाकीट होते.

यानंतरची पायरी गुडघ्याच्या वाटीची. मराठीत आपण गुडघ्याच्या हाडाला वाटी म्हणतो. त्यावरचे कवचही खरोखर वाटीच असते. सपाट पत्र्यातून वाटी काढावयाचे दोन मार्ग आहेत. एक, लाकडाच्या ओंडक्यात खळगा कोरावा, पत्रा त्यावर ठेवावा आणि गोल तोंडाच्या हातोडीने आतून ठोकीत तो खळग्यात बसवावा. यात पत्रा ताणला जातो आणि मध्यावर, म्हणजे नेमका जेथे घाव बसावयाचा तेथे, पातळ होतो. दुसरा मार्ग उठावाचा. पत्रा गोल डोक्याच्या लोखंडी मेखेवर धरावा आणि बाहेरून, कडेने वर्तुळावर वर्तुळ ठोकीत तो आकसून घ्यावा. हा मार्ग कठीण व वेळखाऊ, पण जाडी टिकवून ठेवणारा, कधी कधी वाढविणाराही. पुण्यातल्या ज्या कोणी तांबट आळीत उभे राहून हंड्याचे काम पाहिले असेल त्यांस हे लगेच उमजेल. तांब्याच्या पत्र्यातून हंडा उठविणे आणि पोलादाच्या पत्र्यातून शिरस्त्राण उठविणे या हाताच्या कला सख्ख्या बहिणी आहेत. तांबट शेवटी भांड्यावर मठारकाम करतो, म्हणजे गुळगुळीत हातोडीचे एकसारखे ठोके देऊन पत्रा घट्ट व सुबक करतो; चिलखतकारही शेवटी तेच करतो, फक्त त्याला ठोक्यांच्या खुणा ठेवावयाच्या नसतात, त्या घासून काढावयाच्या असतात. ठोकून ठोकून धातू ताठर होतो आणि मग भट्टीत लाल करून नरम करून घ्यावा लागतो, हेही दोन्हीकडे सारखेच. आम्ही घाईने ते टाळले म्हणून आमच्या पहिल्या वाटीला कडेपासून मध्यापर्यंत चीर गेली. ती वाटी अजून आमच्या टेबलावर टाचण्या ठेवण्याच्या कामी येते.

पत्र्याच्या जातीविषयी थोडे. साधा मऊ पोलादी पत्रा स्वस्त, ठोकावयास सोपा, गंजणारा, आणि कठीण न होणारा. मध्यम कार्बनचा पत्रा काम पुरे झाल्यावर लालबुंद तापवून तेलात विझविता येतो व मग पुन्हा मंद तापवून त्याचा ठिसूळपणा घालविता येतो. असा पाणी दिलेला पत्रा पातळ असूनही जाड मऊ पत्र्याचे काम करतो; आजचे पोलादी झुंजीचे खेळाडू त्याचसाठी अधिक दाम मोजतात. मध्ययुगातही अशीच प्रतवारी होती. मिलानच्या मिसालिया घराण्याचे वा आउग्सबुर्गच्या हेल्मश्मिड घराण्याचे काम राजेरजवाडे घेत. आणि शेकड्यांनी घेतली जाणारी साध्या शिपायांची कवचे पुष्कळदा साध्या लोखंडाची असत. ऑस्ट्रियातील ग्राट्स शहरात जुने शस्त्रागार जसेच्या तसे राहिले आहे. तेथे सुमारे बत्तीस हजार वस्तू मांडणीवर ठेवलेल्या आहेत, आणि हा घाऊक माल डोळे भरून पाहावयास मिळतो.

एक इशारा मात्र आवर्जून दिला पाहिजे. जस्त चढविलेला पत्रा स्वस्त मिळतो, चकचकीत असतो, गंजत नाही. त्याला भट्टीत वा डागाच्या ज्योतीत कधीही घालू नये. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो. डोळ्यांवर चष्मा आणि कानांत बोळे हवेतच. हातोड्याखाली काही वर्षे काढलेल्या माणसांशी आपण मोठ्याने का बोलतो याचा विचार करावा. तेलात विझविण्याचे काम उघड्यावर करावे, आणि तेलाच्या भांड्याला बसेल असे लोखंडी झाकण हाताशी ठेवावे.

पोलादाविषयी इतके बोललो, पण चिलखताचा खरा पाया कापडाचा आहे, आणि नवशिका नेमकी येथे काटकसर करतो. पोलाद धार अडविते. ठोसा अडवीत नाही. तो अडवितो आतला जाड शिवलेला कोट. फ्रान्सचा राजा अकरावा लुई याच्या एका हुकुमात पायदळाच्या कोटाला पंचवीस ते तीस पदर कापड आणि वर हरणाचे कातडे असावे असे सांगितले आहे. आपली गोधडी ज्यांनी शिवलेली पाहिली आहे त्यांना हे शिवणकाम नवे वाटणार नाही. आमचा पहिला कोट आम्ही सुटीत घरी आलो असताना एका मावशींकडून शिवून घेतला. एवढ्या उन्हात हे कोण घालणार, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. पण पोलादी तुकडे या कोटालाच बंदांनी बांधावयाचे असतात. हातांची कवचे खांद्यावर, पायांची कवचे कमरेवर. कोट सैल असेल तर सगळे चिलखत खाली घसरते आणि माणूस तासाभरात कंटाळतो. म्हणून क्रम असा: आधी कोट, मग तो अंगावर असतानाच घेतलेली मापे, मग पोलाद. उलट्या क्रमाने गेलेल्या माणसाचे चिलखत कधीच त्याला होत नाही. शिरस्त्राणातही आत किमान अर्धा इंच जाडीचे अस्तर हवे. कवटीला पोलाद कोठेही टेकता कामा नये, आणि हनुवटीखालचा पट्टा इतका पक्का हवा की समोरून कोणी ओढले तरी शिरस्त्राण निघू नये.

चांगला चिलखतकार शोधून काम सांगावयाचे असेल तर धीर धरावा लागतो. महिन्यांच्या गोष्टी वर्षावर जातात. तो आगाऊ रक्कम घेतो, हे गैर नाही, कारण आपल्या मापाचे चिलखत दुसऱ्या कोणाच्या उपयोगाचे नसते. त्याच्या जुन्या गिऱ्हाइकांना भेटावे आणि त्यांचे चिलखत दोन-चार वर्षांनी कसे दिसते ते पाहावे. नव्या मालाची झिलई सर्वांचीच सुंदर असते. कोणत्या देशातील, कोणत्या काळातील नमुना हवा ते आपण ठरवून जावे, आणि संग्रहालयातील एखाद्या विशिष्ट वस्तूचे चित्र न्यावे. लंडनचा वॉलेस संग्रह, लीड्सचे रॉयल आर्मरीज, न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन संग्रहालय या ठिकाणी प्रत्येक वस्तूची नोंद आहे. ‘मध्ययुगीन काहीतरी’ मागणाऱ्याला १३५० चे शिरस्त्राण, १४८० ची छाती आणि १५३० चे हात मिळतात, आणि पैसे मात्र तिन्हींचे द्यावे लागतात.

सर्वांत नेहमीची चूक उरस्त्राणाच्या लांबीची. आजच्या पाटलोणीची सवय असलेला माणूस कंबर म्हणून नितंबाच्या हाडापाशी बोट दाखवितो. जुने उरस्त्राण त्याच्या बरेच वर, बरगड्या संपतात तिथल्या बारीक जागी, संपते. चार बोटे लांब झाले की खाली वाकता येत नाही, बसल्यावर वरची कड गळ्याला रुतते, आणि घोड्यावर तर बसावयासच नको.

म्हणून माल हाती आल्यावर दुकानात वा कारखान्यातच ही परीक्षा घ्यावी. कोट घालून सगळे चढवावे. बाकावर बसावे आणि हात न टेकता उठावे. दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळी वाजवावी. जमिनीवर पडलेले नाणे उचलावे. उताणे निजून, कोणाची मदत न घेता, उभे राहावे. आणि मग, सोबत्याला घड्याळ धरावयास सांगून, शिरस्त्राण एकट्याने किती वेळात काढता येते ते पाहावे. आमच्या पहिल्या शिरस्त्राणाची बक्कल मानेच्या मागे अशी काही बसविली होती की तिथे आमचा हातच पोचेना. शेवटी चिलखतकाराच्या बायकोने येऊन आम्हांला सोडविले. बक्कल पुढे सरकवून घेतल्यावरच आम्ही उरलेली रक्कम दिली.